त्सिमरमान ऊर्फ कार्पेंटर

"जर्मन येणारी ती भारतीय बाई तुम्हीच ना?"

मी परत आलेल्या पुस्तकांची गाडी ढकलत होते. समोर पंचावन्नच्या आसपासची एक उंच बाई उभी होती. कोटाची बटणं एकेक काज चुकवून लावलेली, हातात मोटारीच्या किल्ल्या, आणि त्या ती एकसारखी वाजवत होती. लायब्ररीत एवढा आवाज करणं तिच्या स्वभावात नसावं, कारण मध्येच तिच्याच लक्षात यायचं आणि ती मूठ घट्ट मिटायची.

"थोडीफार येते," मी म्हटलं. "बोलण्यापेक्षा वाचता जास्त येते."

"मग चला. गाडी दारातच आहे."

"कुठे?"

"हॉस्पिटलात. माझी आई चार दिवस काहीतरी बोलतेय आणि कुणाला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, झटका आल्यावर माणसं अशी बरळतात. पण आज सकाळी फरशी पुसायला आलेली म्हातारी म्हणाली, हे बरळणं नव्हे, ही जर्मन आहे. तिची आजी असंच बोलायची म्हणे."

"तुमच्या आईचं माहेर जर्मन आहे का?"

"तेच तर!" बाई जवळजवळ ओरडलीच. "आम्ही इंग्लिश आहोत. आई माहेरची कार्पेंटर."

ही १९८४ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. आयोवा राज्यातल्या कार्सन फॉल्स नावाच्या गावात आम्हाला सहा वर्षं झाली होती. माझे यजमान, विद्याधर, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते आणि मी गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम करत होते. लग्नाआधी पुण्यात मी चार वर्षं जर्मन शिकले होते. इथे येऊन त्याचा उपयोग एकदाच झाला होता. कुणाच्या तरी पणजोबांचं बायबल वाचून दाखवलं होतं. तेवढ्यावर गावात माझी कीर्ती झाली होती.

मी आमच्या मुख्य ग्रंथपालांकडे पाहिलं. ऑस्कर फुलमर हे निवृत्तीला टेकलेले, कोरड्या विनोदाचे गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून बघत हातानंच 'जा' म्हणून खूण केली.

गाडीत कळलं, की बाईचं नाव डोरिस व्हीलर, शाळेत गणित शिकवते, नवरा वारलेला, मुलं दूर. आई एथल, वय ब्याऐंशी. "आईला भाऊबहीण कुणी नाही," डोरिस म्हणाली. "आजोबा माझ्या दहाव्या वर्षी गेले. फार सज्जन माणूस. बोलायचे मात्र अगदी कमी. दुकानातसुद्धा बोटानं वस्तू दाखवायचे. मला वाटायचं, स्वभाव."

तिनं मग स्वतःहूनच सांगितलं, की घरी दिवाणखान्यात कार्पेंटर घराण्याचं मानचिन्ह लावलेलं आहे, ढाल आणि दोन सिंह. टपालानं मागवलं होतं. पूर्वज इंग्लंडच्या कुठल्या परगण्यातले, तेही त्या कागदावर छापून आलं होतं.

एथलबाई खाटेवर उशांना टेकून बसवलेल्या होत्या. अर्धा चेहरा ओघळलेला, पण डोळे जागे. नजर दारावर. मी आत शिरले तशी त्यांनी माझ्या साडीकडे पाहिलं, मग पुन्हा दाराकडे, आणि स्पष्ट विचारलं, "कोनराड आला का?"

चार दिवस ही बाई एक साधं वाक्य बोलत होती आणि खोलीत येणारा-जाणारा तिला वेडी समजत होता. मी जर्मनमध्ये म्हटलं, "अजून नाही. कोनराड कोण?"

त्यांचा चांगला हात एकदम वर आला आणि त्यांनी माझं मनगट धरलं. नंतर जे सुरू झालं, ते मला पहिल्यांदा निम्मंच कळलं. माझी जर्मन पुस्तकी, त्यांची शेतावरची, आणि तीही सोळा वर्षांच्या पोरीची. सोळाव्या वर्षी जिथं थांबली तिथंच राहिलेली.

"काय म्हणतेय? काय म्हणतेय?" डोरिस खाटेच्या पायथ्याशी येरझाऱ्या घालत होती.

"कोनराड तिचा भाऊ. तीन वर्षांनी मोठा. दार बंद करू नका म्हणते, तो परत गेला तर पुन्हा येणार नाही."

"तिला भाऊ नाही."

"डोरिस, ती स्वतःचं नाव आडेलहाइड सांगतेय. आडेलहाइड त्सिमरमान."

डोरिस थांबली. "हे कसलं नाव?"

"जर्मन. त्सिमरमान म्हणजे..." मी जरा चाचरले. "म्हणजे सुतार. कार्पेंटर."

डोरिसनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. मला ते तेव्हा विचित्र वाटलं. चार दिवसांनी कुणाला तरी आपलं बोलणं समजलं, याचा त्या बाईला आनंद व्हायला हवा होता. तिला तर भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी मी फुलमरना सगळं सांगितलं. ते हसले. "यात नवल काय? अर्ध्या गावाची हीच कथा. मी फुलमर, माझे आजोबा फोलमर. बँकेतला फॉक्स मुळात फुक्स. किराणावाला स्नायडर म्हणजे श्नायडर, मूळ अर्थ शिंपी, आणि त्याचाच चुलतभाऊ पलीकडच्या गावात टेलर म्हणून मिरवतो."

"बंदरावरच्या कारकुनांनी नावं बदलली म्हणतात, ते?"

"सगळे तेच सांगतात. कारकून बिचारे जहाजाच्या यादीतलं नाव बघून खूण करायचे. नावं बदलली ती इथं येऊन. थोडी शेजाऱ्यांच्या कानांनी, थोडी शाळामास्तरांनी, आणि बरीचशी आपण स्वतः. पहिल्या महायुद्धात तर रांगच लागली. अठरा साली आपल्या राज्यपालांनी हुकूम काढला होता, ठाऊक आहे? रस्त्यात, आगगाडीत, फोनवर, चर्चमध्ये इंग्रजीशिवाय एक शब्द बोलायचा नाही. मी सहा वर्षांचा होतो. आई मला दुकानात नेताना माझ्या तोंडावर हात ठेवायची."

ते एवढं हसत हसत सांगत होते, पण शेवटच्या वाक्याला त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

डॉक्टर म्हणाले होते, एथलबाईंच्या हातात फार तर आठवडा आहे. माझं कशात लक्ष लागेना. घरी भाजी फोडणीला टाकून मी गॅसजवळून निघून जायची आणि करपल्याच्या वासानं परत यायची. जेवणाच्या टेबलावर आमचा नागरिकत्वाचा अर्ज पडलेला होता. त्यात एक रकाना होता, नाव बदलून हवं असल्यास इथं लिहा. आमचं आडनाव घळसासी. कारखान्यात ते कुणाला म्हणता येत नसे. विद्याधरच्या साहेबानं सुचवलं होतं, 'गेल' करून टाक, सुटसुटीत.

"तू ठरवलंस का?" विद्याधर विचारायचा.

"मला आत्ता ते विचारू नकोस."

"अगं, एक सही तर आहे."

"विद्याधर, नको म्हटलं ना!"

मी पुन्हा हॉस्पिटलात जायची. रोज दुपारी तासभर. एथलबाई तुकड्यातुकड्यांनी बोलत. कधी मला शाळेतली बाई समजून 'फ्रॉइलाइन' म्हणत, कधी नर्स समजत. त्यातून एवढं जुळलं, की १९१८ च्या उन्हाळ्यात एका रविवारी कोनराड घर सोडून गेला, आणि तो नदीकाठी गेला, "जिथं शिंपल्यांच्या गुंड्या करतात."

हे सांगितलं तशी फुलमरांनी टेबलावर थाप मारली. "मस्कटीन! मिसिसिपीवर दुसरं कुठलं गाव असणार? सगळ्या देशाच्या शर्टांना तिथल्या गुंड्या असायच्या."

आसपासच्या शहरांच्या टेलिफोन डिरेक्टऱ्या लायब्ररीत होत्या. आम्ही मस्कटीनची काढली. झेडखाली चार त्सिमरमान सापडले, म्हणजे तिथल्या उच्चारानं झिमरमन. चौघांना फोन केले. एक कालपरवाच टेक्ससहून आलेला, दोघांना कोनराड माहीत नव्हता, चौथ्यानं फोन आपटला. टीखाली टिमरमन होते, तेही नव्हेत. मी डिरेक्टरी मिटून टाकली.

"थांबा," फुलमर म्हणाले. "तो पोरगा गुंड्यांच्या कारखान्यात गेला असणार. तिथल्या हजेरीवाल्यानं नाव विचारलं. पोरानं सांगितलं, त्सिमरमान. आता इंग्रजी कानाला त्यातलं काय ऐकू येईल?"

आम्ही एस उघडलं. एकच होता. सिमरमन, आर. के.

मी फोन फिरवला. एका पुरुषानं उचलला. मी म्हटलं, "कार्सन फॉल्सहून बोलतेय. इथल्या कार्पेंटर कुटुंबाच्या..."

"चुकीचा नंबर," तो म्हणाला. आवाज एकदम दगडासारखा झाला होता.

"ठेवू नका! मी त्सिमरमानबद्दल विचारतेय. कोनराड त्सिमरमान."

मग तो हळूच म्हणाला, "ते नाव पुन्हा म्हणा."

मी म्हटलं.

"माझे वडील असंच म्हणायचे. ते गेल्यावर मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं."

त्याचं नाव रॉय. वय अठ्ठावन्न, पंप दुरुस्त करायचा धंदा. कोनराड १९७१ सालीच गेले होते. मी एथलबाईंबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "आत्या आहे हे माहीत होतं. तिच्याबद्दल ते वाईट बोलायचे नाहीत. पण आमच्या घरात कार्पेंटर हा शब्द शिवी होता, बाई. खरंच सांगतो. दार दुरुस्त करायला माणूस बोलवायचा तरी ते म्हणायचे, लाकूडवाल्याला बोलवा."

"का?"

"आजोबांमुळे. त्यांनी नाव बदलल्याचं वडिलांच्या कानावर आलं होतं. ते फोनवर सांगण्यासारखं नाही."

डोरिसला हे पटवायला मला अर्धा तास लागला. "मला मामेभाऊ नाही," एवढंच ती म्हणत राहिली. आम्ही तिच्या दिवाणखान्यात बसलो होतो, समोर भिंतीवर ते दोन सिंह. "तू म्हणतेस म्हणून पंचावन्न वर्षांनी माझे आजोबा बदलायचे का?"

"आजोबा तेच आहेत," मी म्हटलं. "पण तुझी आई दाराकडे बघत जाणार आहे, डोरिस. ते बघवतंय का तुला?"

ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. "बोलव," म्हणाली.

शनिवारी दुपारी रॉय आला. रुंद खांद्यांचा, हात मोठे, दारातून येताना त्यानं टोपी काढून छातीशी धरली. डोरिसनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीकडे गेला. दोघांची हनुवटी एक होती, मधे खळगा असलेली.

खाटेवरून आवाज आला, "कोनराड."

रॉय माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "तुम्हालाच तो समजतेय. बसा जवळ."

तो बसला. एथलबाईंनी त्याचा हात धरला आणि बोलायला लागल्या. इतके दिवस तुकडे बोलत होत्या, आता ओळीनं बोलल्या. एकदा थांबून पाणी मागितलं, दोन घोट प्यायल्या, पुन्हा बोलल्या. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. दहा मिनिटं तरी गेली असतील. शेवटी त्यांनी माझ्याकडे बघून हलक्या आवाजात दोन वाक्यं टाकली, आणि मग रॉयला काहीतरी विचारून त्या वाट पाहत राहिल्या.

"काय म्हणाली?" डोरिसनं विचारलं.

"बाई, काय म्हणाल्या त्या?" रॉयनं विचारलं.

मी पाण्याचा पेला टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "ती म्हणते, तू गेल्यावर मी कधी पत्र टाकलं नाही, कधी शोधलं नाही. वडिलांना घाबरले. मला माफ करशील का, विचारतेय."

रॉयनं कपाळाला आठ्या घातल्या. "एवढा वेळ बोलल्या, आणि एवढंच?"

"पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या."

"हो म्हणायला काय म्हणतात?"

"या."

रॉय वाकला आणि म्हाताऱ्या आत्याच्या कानाशी म्हणाला, "या." एकदा, दोनदा. एथलबाईंनी डोळे मिटले. त्यानंतर दाराकडे पाहिलं नाही. सोमवारी सकाळी त्या गेल्या.

मी घरी आले ती विद्याधरशी धड बोलेना. तो म्हणाला, "केवढं चांगलं काम केलंस तू!" आणि मला त्याच्यावर खेकसावंसं वाटलं. अर्ज अजून टेबलावरच होता. मी तो उचलून फ्रिजवर ठेवला. रात्रभर कूस बदलत राहिले.

गुरुवारी दफन झालं. वारा सुटला होता, मॅपलची पानं थडग्यांवरून पळत होती. गावातली वीसेक माणसं आली होती, विधी संपल्यावर ती पांगली. रॉय मस्कटीनहून बायकोशिवाय एकटाच आला होता. तो एथलबाईंच्या शेजारच्या दगडासमोर जाऊन उभा राहिला. 'जॉन कार्पेंटर, १८६६ ते १९३९.'

"हाच का तो?" त्यानं विचारलं.

"हेच तुमचे आजोबा."

"पेपरात बातमी आली होती. वडिलांनी वाचली, पेपर घडी करून चुलीत टाकला. आई म्हणाली, जाऊन या. ते म्हणाले, ज्यानं पोटच्या पोराला टोळक्याच्या हाती दिलं, त्याच्या मातीला मी जाणार नाही." रॉयनं टोपी डोक्यावर घातली. "मीही इथं उभा राहणार नाही. आत्यासाठी आलो, आत्या भेटली, झालं."

तो पाठ फिरवून चालू लागला. मी पाच दिवस जे गिळत होते ते आता गिळवेना.

"त्यांनी नाही दिलं," मी म्हटलं.

तो थांबला.

"रॉय, तुमच्या आजोबांनी नाही सांगितलं. तुमच्या आत्यानं सांगितलं. शनिवारी ती तुम्हाला तेच सांगत होती."

आणि मग तिथं वाऱ्यात उभी राहून मी सांगितलं. त्या उन्हाळ्यात गावातली जर्मन पुस्तकं गोळा करून जाळायचं ठरलं होतं. कोनराडनं चर्चमधली प्रार्थनेची आणि शाळेतली वाचनाची पुस्तकं धान्याच्या कोठीत लपवली. आडेलहाइड सोळा वर्षांची. चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत झेंडा कोण धरणार ते बाई ठरवत होत्या आणि जर्मन पोरींपैकी कुणाला तो मिळणार नव्हता. बाईंनी वर्गात विचारलं, कुणाच्या घरी पुस्तकं राहिलीत का? झेंडा आपल्याला मिळावा म्हणून हिनं हात वर केला.

"रविवारी चर्चनंतर माणसं आली," मी म्हटलं. "कोनराडला अंगणात गुडघ्यांवर बसवलं, झेंड्याचं चुंबन घ्यायला लावलं. पुस्तकं त्याच्याच हातांनी आगीत टाकायला लावली. जाताना दारावर देशद्रोह्याची खूण म्हणून पिवळा रंग फासला. ती माणसं गेल्यावर कोनराडनं वडिलांना विचारलं, तुम्ही सांगितलंत का? आदल्या दिवशी गिरणीवर तुम्ही त्यांच्याशी बोलत होतात. वडिलांनी आधी मुलीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं. आणि मग ते मुलाला म्हणाले, हो. मी सांगितलं."

रॉयचे हात कोटाच्या खिशात होते, ते तिथंच राहिले.

"कोनराड तेव्हाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी पाटीवर कार्पेंटर लिहून तिच्याकडून घोकून घेतलं. आडनाव, आणि एथल हे नावही. त्या दिवसापासून ते तिच्याशी जर्मन बोलले नाहीत, आणि इंग्रजी त्यांना नीट येत नव्हती."

रॉय परत त्या दगडाशी आला. टोपी काढली. मोठा माणूस रडताना आवाज करत नाही, नुसते खांदे हलतात, तसे त्याचे हलत होते. "सोळा वर्षांची," तो म्हणाला. "माझी नात सोळा वर्षांची आहे." मग म्हणाला, "त्यांनी पत्र तरी लिहायचं. मरताना तरी."

"खरं लिहिलं असतं तर मुलगीही हातची गेली असती," मी म्हटलं.

मागे पानं करकरली. डोरिस उभी होती. तिनं किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती.

"माझ्या आईच्या खाटेपाशी तू खोटं बोललीस," ती मला म्हणाली, "आणि माझ्या आईच्या थडग्यापाशी खरं. सुलभा, तुझी दोन्ही वेळा जागा चुकली." ती गाडीत बसली आणि मला तिथंच सोडून गेली. रॉयनं मला घरी पोचवलं. उतरताना त्यानं हात पुढे केला आणि माझा बराच वेळ धरून ठेवला.

नोव्हेंबरात आम्ही अर्ज पाठवला. विद्याधर गेल झाला. मी घळसासीच राहिले. त्यावरून आमच्यात आठवडाभर अबोला होता, मग तोही सुटला. तो म्हणायचा, तुझ्या त्या म्हातारीमुळे. तसं काही नव्हतं. मला नुसतं नाव बदलायला पेन उचलवतच नव्हतं.

डोरिस रस्त्यात दिसली की पलीकडच्या पदपथावर जायची. मी तिला पत्र लिहिलं, टाकलं नाही. शाळेजवळून जाणं टाळायला मी लांबचा रस्ता धरू लागले. लायब्ररीचं दार वाजलं की मान वर जायची. फुलमर म्हणाले, "तुम्ही दाराकडे फार बघता हल्ली." मी त्यांच्यावरही चिडले.

डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर बर्फ पडत असताना, ती आली. बूट पायपुसण्यावर आपटले, सरळ माझ्या टेबलाशी येऊन खुर्ची ओढली.

"मी रॉयकडे जाऊन आले," ती म्हणाली. "दोनदा. त्याच्या बायकोनं सूप केलं होतं. तू त्याला सांगितलेलं सगळं त्यानं मला सांगितलं. पण ते त्याच्याकडून आलेलं. मला पहिल्यापासून हवंय. ती जे बोलली ते, तिच्या शब्दांत. मला कळणार नाही, तरी म्हण. मग इंग्रजीत सांग."

"सगळं?"

"या वेळी सगळं."

मी सांगितलं. जेवढं आठवत होतं तेवढं. आणि मला सगळं आठवत होतं, कारण दोन महिने मी दुसरं काही ऐकत नव्हते. एक वाक्य जर्मनमध्ये, एक इंग्रजीत. डोरिस गणिताच्या बाईसारखी, बोटं टेबलावर ठेवून, ऐकत होती. एकदोन शब्द तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले. कोनराड निघून गेला इथवर मी आले आणि थांबले.

"पुढे?" डोरिस म्हणाली. "माफी मागण्याआधी ती तुझ्याकडे बघून काहीतरी बोलली. मी बघत होते. ते तू रॉयलाही सांगितलं नाहीस."

ती दोन वाक्यं. मी विद्याधरलासुद्धा सांगितली नव्हती. त्या दिवशी खाटेपाशी माझ्या जिभेवरचं खरं त्या दोन वाक्यांनी मागे ढकललं होतं.

"ती म्हणाली, 'हे माझ्या मुलीला सांगू नका, फ्रॉइलाइन.' आणि मग म्हणाली, 'तिला वाटतं, मी चांगली आहे.'"

डोरिस माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती आता उठेल, पुन्हा जाईल. पण ती हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, आणि आवाज होऊ नये म्हणून तिनं हातमोजा तोंडावर धरला होता.

"चांगली?" ती म्हणाली. "मला कधी तसं वाटलंच नाही. तिनं मला कधी जवळ घेतलं नाही, कधी गाणं म्हटलं नाही, लहानपणाची एक गोष्ट सांगितली नाही. माझ्याशी बोलायचं म्हटलं की एकेक शब्द तोलून. पंचावन्न वर्षं मला वाटत होतं, मी तिला आवडत नाही."

तिनं नाक पुसलं, खुर्ची माझ्या बाजूला आणखी थोडी ओढली आणि म्हणाली, "ते शेवटचं पुन्हा म्हण. तिच्या भाषेत. हळू म्हण, मला म्हणता यायला हवं."